सरांचे लडाख

परवा पहाटे अडीच वाजता आमच्या बोळातील निम्म्या बायका घागरी घेऊन माझ्या अंगणात उभ्या होत्या, आणि मी बनियनवर होतो. हा प्रसंग ज्या खड्ड्यामुळे ओढवला, तो मी स्वखर्चाने खणून घेतलेला होता.

मागील सप्टेंबरात मी लेहला गेलो. सुमारे ३,५०० मीटर उंची, वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, वर्षातून एकच पीक आणि हिवाळ्यात उणे वीसपर्यंत उतरणारा पारा. तरीही ज्या घरी मी उतरलो होतो, तेथील आजींनी छपरावर जर्दाळू वाळत घातले होते, कडेने चारा व शेणी रचल्या होत्या, सातू भाजून दळून ठेवला होता आणि बटाटे, गाजरे, सलगम खड्ड्यात उतरवण्याची तयारी चालवली होती, कारण वर सारे गोठले तरी मातीच्या पोटात ते गोठत नाहीत. जुडीभर कोथिंबिरीसाठी गाडीला किक मारणाऱ्या मला स्वतःची लाज वाटली. तेथील कोरड्या संडासाचा, ज्यातून शेताला खत मिळते, प्रस्ताव पत्नीने पुरता ऐकूनही घेतला नाही. म्हणून बटाट्यांच्या खड्ड्यावर तडजोड झाली.

एप्रिलात खोदकाम सुरू झाले. दोन फुटांवर मुरूम लागला आणि त्याच वेळी शेजारचे मामा कट्ट्यावर येऊन बसले. मामांची हयात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. मागांच्या खडखडाटामुळे ते अजूनही पलीकडच्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात.

“काय सर, संडासची टाकी काढालाव?”

“नाही मामा, बटाटे ठेवायचे आहेत.”

“पुरालाव? काय झालं त्यांना?”

मी हिवाळा, उणे वीस आणि मातीची ऊब हे सगळे समजावून सांगितले. मामांनी शांतपणे ऐकले, टॉवेलने मानेवरचा घाम पुसला, आणि विचारले, “मग हितं गोठालेत का?”

खोल मातीत गारवाही असतो, हा मुद्दा मी मांडला, पण त्या दिवशी पारा ४२ वर होता आणि माझ्या आवाजात जोर नव्हता. मामा उठले, खड्ड्यात वाकून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, हे पेव हाय की! आमच्या आज्याच्या गावात होतं. ज्वारी भरायची, तोंड लिंपायचं. उघडल्यावर आधी कंदील सोडायचा. विझला तर माणूस उतरायचा नाही, आत हवा मारती.” मग थोडे थांबून, “ह्यासाठी विमानानं गेल्ताव?” खोदणारे दोघेही टिकाव टेकून हसले. मजुरी मात्र त्यांनी पूर्ण दिवसाची घेतली.

पंधरा किलो बटाट्यांपैकी निम्म्यांना तीन आठवड्यांत कोंब आले आणि उरलेल्यांना वास. ज्या दिवशी मी झाकण उघडले, त्या दिवशी मामा खरोखरच कंदील घेऊन आले. त्यांच्या घरी कंदील आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

लडाखमध्ये गावाचे पाणी वाटून देण्यासाठी एक माणूस नेमतात, त्याला छुरपोन म्हणतात. कोणाच्या शेतात पाट कधी फिरणार, हे घराघराला ठाऊक असते. आमच्याकडे पाऊस लेहच्या निदान चौपट पडतो, उजनी धरण भरल्याचे फोटो आम्ही हौसेने एकमेकांना पाठवतो, आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी येईल की सहाव्या, सायंकाळी की मध्यरात्री, हे विचारायचे कोणाला हेही कोणी सांगत नाही. माणूस रात्रभर नळाच्या सुस्काऱ्याकडे कान लावून झोपतो, आणि याला आम्ही शहरात राहणे म्हणतो.

परवा तसाच सुस्कारा आला. मी झोपेत हौदात पाइप सोडला, तो निसटून शेजारच्या रिकाम्या खड्ड्यात पडला, आणि मी पुन्हा आडवा झालो. खड्डा काठोकाठ भरून पाणी बोळात उतरले तेव्हा मामा जागे होते.

“सरांच्या लडाखात पाणी आलंऽऽ!”

टेलएंडला, म्हणजे पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला, असल्यामुळे ज्यांच्या नळाला करंगळीएवढीही धार नव्हती, त्या बायका धावल्या. मी बटाट्यांविषयी प्रामाणिकपणे सांगून टाकले. धुण्याला चालेल, असे सर्वानुमते ठरले, आणि मामा, घागर बुडवण्यापूर्वी, हातातला कंदील खड्ड्यावर धरून माझ्याकडे पाहत राहिले.