लेखक होण्यापूर्वी दिवाण घ्यावा

तुमचे पुस्तक लिहून झाले आहे, याबद्दल अभिनंदन करण्याचा मोह मी आवरतो, कारण पुस्तक लिहिणे हा मराठी लेखकाच्या कामातला सर्वांत किरकोळ भाग असून तो उरकल्यावरच खऱ्या साधनेला आरंभ होतो. हस्तलिखित कोणाच्याही हाती देण्यापूर्वी घरातील दिवाणाची आतली लांबी, रुंदी आणि खोली टेपने मोजून घ्यावी. ७० जीएसएमच्या नॅचरल शेड कागदावर छापलेले, डेमी आकाराचे १६० पानांचे पुस्तक साधारण १९० ग्रॅम भरते. त्या हिशेबाने ५०० प्रतींचे वजन ९५ किलो होते आणि पंचवीस-पंचवीसचे वीस गठ्ठे, आतल्या रजया बाहेर काढल्यास, सहा बाय चारच्या दिवाणात व्यवस्थित बसतात. रजयांचे काय करायचे, असे माझ्या पत्नीने विचारले होते. साहित्याला घरच्यांचा पाठिंबा लागतो असे म्हणतात, तो नेमका अशा वेळी.

आता प्रकाशकाकडे वळावे. पूर्वी प्रकाशक हस्तलिखित ‘साभार परत’ करीत आणि लेखक दोन दिवस कोणाशी बोलत नसे. ती क्रूर पद्धत आता मागे पडली आहे. आता हस्तलिखित परत येत नाही, फोन येतो. ‘लेखन उत्तमच आहे, परंतु आमची दोन वर्षांची यादी भरलेली आहे, लेखकाचा थोडा सहभाग असेल, तर मात्र दिवाळीच्या आत काढता येईल,’ असे पलीकडचे गृहस्थ अत्यंत अदबीने सांगतात. सहभाग या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहू नये, पासबुकात पाहावा. माझा सहभाग ४५,००० रुपयांचा होता आणि तो मी तीन हप्त्यांत दिला. काही चोखंदळ प्रकाशनसंस्था आजही स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतात, त्यांचे संपादक पेन्सिलीने खुणा करून तेच प्रकरण तीनतीनदा लिहायला लावतात, हे मला ठाऊक आहे. पण एवढा अपमान सोसायला आणि एवढे थांबायला तुम्हाला वेळ आहे का?

करार समोर आलाच, तर तो वाचण्याचा उद्धटपणा करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे त्याच्या लेखनावरचा हक्क टिकतो, आणि हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल, तर तो काळ पाच वर्षांचा धरला जातो. या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असा नुसता संशय आला, तरी सांगितलेला चहा येत नाही. रॉयल्टीचा रूढ दर छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे २०० रुपयांच्या पुस्तकामागे २० रुपये, आणि ५०० प्रती संपल्या तर १०,००० रुपये. ४५,००० देऊन १०,००० मिळवण्याच्या या व्यवहारात ‘संपल्या तर’ हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवावेत. शिवाय ही रक्कम पुष्कळदा रोखीने न देता पुस्तकांच्याच रूपाने देण्याची प्रथा आहे, म्हणून दिवाणाचे माप घेताना थोडी जागा सैल धरावी.

आवृत्तीच्या आकाराबद्दल मन मोठे करावे. एके काळी मराठी पुस्तकाची आवृत्ती १,१०० प्रतींची असे; पुढे ती ५०० वर आली, मग ३०० वर, आणि आता मागणीनुसार छपाईची सोय झाल्यामुळे ती कितीचीही असू शकते. ५० प्रतींची एक आवृत्ती धरली, तर दोनशे प्रती छापून होताच ‘अल्पावधीत चौथी आवृत्ती’ अशी पट्टी मुखपृष्ठावर टाकता येते आणि त्यात तिळमात्र खोटे नसते. आयएसबीएन हा पुस्तकाची ओळख सांगणारा तेरा आकडी क्रमांक दिल्लीची राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सी विनामूल्य देते. तुमच्या पॅकेजात त्याचे वेगळे दीड हजार लावलेले दिसले, तरी हुज्जत घालू नये, कारण फुकटची वस्तू मिळवून देण्याला कष्ट पडतातच. तुम्ही प्राध्यापक असाल, तर पुस्तकापेक्षा हा क्रमांकच पदोन्नतीच्या वेळी अधिक काळजीपूर्वक वाचला जातो, तेव्हा निदान तो तरी शुद्ध छापून घ्यावा.

मुद्रितशोधनावर मात्र खर्च करू नये. श्रीलिपी या जुन्या संगणकी टंकातला मजकूर युनिकोड या नव्या पद्धतीत आणताना अधूनमधून रफार उडतात, हे खरे. पण त्यातूनही साहित्याचे भलेच होते. माझ्या संग्रहात महाभारतावरचा एक लेख आहे आणि त्यात सलग चौदा पाने ‘कुंतीपुत्र कण’ आपल्या दैवाशी झगडतो. पहिली प्रत हाती आली तेव्हा मी खचलो होतो. पुढे काय झाले ते ओघात येईलच.

प्रस्तावना ज्येष्ठांकडून घ्यावी. ती आठ महिन्यांनी येते, ज्ञानेश्वरांपासून सुरू होते आणि शेवटच्या परिच्छेदात तुमच्यापर्यंत पोहोचून तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देते.

यानंतरचा प्रकाशन समारंभ हा या विद्येचा गाभा आहे आणि त्यात कसूर चालत नाही. सभागृह शनिवारी संध्याकाळचे घ्यावे. व्यासपीठावर किमान सात जण असावेत, कारण प्रत्येकाच्या घरचे दोघे-दोघे आले, तरी पहिल्या दोन रांगा भरतात. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देण्याचा सुसंस्कृत प्रघात पाळावा आणि ते पुस्तक तुमचेच असावे. अशा रीतीने सात प्रती एका झटक्यात खपतात, मग त्या तुम्हीच लेखकाच्या सवलतीत विकत घेतलेल्या का असेनात. प्रकाशनासाठीच्या प्रती सोनेरी कागदात गुंडाळण्याचे काम पुतण्याकडे देऊ नये. माझ्या पुतण्याने निष्ठेने प्रत्येक बाजूला चिकटपट्टी लावली होती. प्रमुख पाहुण्यांनी फीत सोडली, नख लावून पाहिले, अध्यक्षांनी दुसरे टोक धरले, सूत्रसंचालिकेने ‘आणि तो क्षण आता आला आहे’ हे वाक्य चार वेळा म्हटले, आणि शेवटी किल्लीने कागद फाडला, तेव्हा मुखपृष्ठावर एक तिरका ओरखडा उठला, जो सर्व छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. सातही मान्यवरांनी पुस्तके छातीशी धरली. त्यांतील तीन उलटी होती.

पाहुण्यांनी प्रारंभीच सांगितले, की पुस्तक त्यांना आदल्या रात्री मिळाल्यामुळे ते संपूर्ण वाचता आले नाही, पण चाळले आहे. हे वाक्य ऐकून नव्या लेखकाचा चेहरा पडतो. तुम्ही तो पडू देऊ नये, कारण चाळण्यातूनच समीक्षा जन्माला येते. पाहुणे म्हणाले, ‘कर्णाला या लेखकाने कण म्हटले आहे! अहो, एवढ्या मोठ्या महाभारतात त्या उपेक्षिताचे स्थान एका कणाएवढे, हे सांगायला केवढी प्रतिभा लागते!’ टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला. शुद्धिपत्र छापून तयार होते. ते मी त्याच रात्री फाडून टाकले.

सभागृहाच्या दाराशी विक्रीचे टेबल मांडावे आणि त्यावर एखादा अनोळखी मुलगा बसवावा, कारण ओळखीचा माणूस दिसला की लोक पैसे देत नाहीत. बाकरवडी आणि चहा विक्रीच्या टेबलाच्या पलीकडे ठेवावा. अलीकडे ठेवल्यास टेबलापर्यंत कोणी येत नाही, हा अनुभव आहे. माझ्या समारंभात अकरा प्रती गेल्या. त्यांतल्या दोन आत्याने घेतल्या आणि पर्स मिटत मला बाजूला घेऊन विचारले, ‘अरे, घरच्यांनासुद्धा विकतच का रे?’

विक्रीची खरी लढाई यानंतरची आहे. वितरक किमतीच्या निम्म्याच्या आसपास वाटा ठेवून घेतो, आणि त्याबद्दल कुरकुर करण्याआधी आपली परंपरा आठवावी. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी कोरड्या परत केल्या अशी श्रद्धा आहे. वितरक दोन वर्षांनी परत करतो आणि बहुधा दमट. ग्रंथालयांकडे जायचे असेल, तर मार्चमध्ये जावे. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली ‘अ’पासून ‘ड’पर्यंतच्या वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालये राज्यात आहेत, आणि वर्षअखेरीस अनुदानाचा हिशेब पुरा करताना तेथे पुस्तकाचा विषय कोणी विचारत नाही, सवलतीचा टक्का विचारतात. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रकाशनानंतर तीस दिवसांत एकेक प्रत पाठवायची असते. शासनाने कायमचा निवारा दिलेल्या या तुमच्या चारच प्रती, आणि नेमक्या त्याच पाठवायच्या राहून जातात.

वृत्तपत्राला परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात. ‘साभार पोच’ या सदरात पुस्तकाचे नाव, पाने आणि किंमत छापून येते, आणि घाईत वाचणाऱ्याला ते परीक्षणच वाटते. खरे परीक्षण स्वतः लिहून मित्राच्या नावाने द्यावे. त्यात शेवटी एक बारीक दोष दाखवावा लागतो, नाहीतर संशय येतो. ‘मुद्रणदोष टाळता आले असते, तर बरे झाले असते’ हे वाक्य सर्वांना चालते, पण कणाच्या प्रतिमेचे एवढे कौतुक झाल्यावर मला ते वापरता येईना. म्हणून मी किंमत थोडी जास्त वाटते, असे लिहिले. ते मात्र अनेकांना पटल्याचे आढळले.

साहित्य संमेलन चुकवू नये. ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ साली पुण्यात महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी खरमरीत पत्र लिहून नाकारले. तुमच्यावर असे पत्र लिहिण्याची वेळ येणार नाही, कारण तुम्हाला निमंत्रण येणार नाही. तुम्ही ग्रंथदालनात मित्राच्या गाळ्यावर उभे राहावे. तिथे दिवसातून चाळीस-पन्नास माणसे तुमचे पुस्तक उचलतात, मलपृष्ठ वाचतात, किंमत पाहतात, ते पुन्हा जागच्या जागी ठेवतात आणि पिठलं-भाकरीचा स्टॉल कुठे आहे हे विचारतात. हे तुम्हाला ठाऊक असावे, म्हणून तो कुठे आहे हे सकाळीच पाहून ठेवावे.

टपालाने विक्री करणाऱ्यांचा एक आधार होता, तो म्हणजे स्वस्तातले रजिस्टर्ड बुक पोस्ट. टपाल खात्याने ते डिसेंबर २०२४ मध्ये बंद केले. तरीही ओळखीपाळखीबाहेरच्या वाचकाची मागणी आली, तर पदरमोड करून पुस्तक पाठवावे. मला अशी मागणी एकदाच आली, उदगीरहून. २०० रुपये फोनवर जमा झाले आणि मी प्रतीवर तारीख घालून, लफ्फेदार स्वाक्षरी करून ती त्याच दिवशी स्वतः टपालात टाकली. आठव्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला. पुस्तक मिळाले, फार छान आहे, बांधणी मजबूत आहे, असे ते म्हणाले. कोणता लेख आवडला, असे मी विचारले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘सर, माझेही एक हस्तलिखित तयार आहे. तुम्ही हे कोणाकडून काढले? किती घेतात?’

मी प्रथम त्यांना एवढेच विचारले, की तुमच्याकडे दिवाण आहे का, आणि असल्यास किती खोल.