एसएमपीएसवर काटकसर करायला सांगणारा तो मेसेज

‘कमी बजेटमध्ये दमदार पीसी : दुकानदार सांगत नाहीत असे सहा नियम’ असा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. माझी भाची पहिल्यांदाच स्वतःसाठी पीसी जुळवतेय. तिने पार्ट्सची यादी पाठवली, त्यात आधी ठरलेला ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय) खोडून ‘कॅबिनेटसोबत येतोय तोच’ असं लिहिलेलं. का म्हणून विचारलं तर तिने हा मेसेज पाठवला. “मामा, सगळे हेच सांगतायत.”

सगळे सांगत असले तरी हे चूक आहे, आणि एका बाबतीत धोकादायक आहे. मेसेजमधले सहा नियम असे : एसएमपीएसवर खर्च करू नका, वॉट सारखे असले की झालं; प्रोसेसर जुना चालेल पण आय-सेव्हनच घ्या; ग्राफिक्स कार्डाचे फक्त जीबी, म्हणजे मेमरी, बघा; रॅमची एकच मोठी स्टिक घ्या; एसएसडी लवकर मरते, हार्ड डिस्कच बरी; आणि मदरबोर्ड सगळ्यात महाग घ्या, म्हणजे पुढची दहा वर्षं बघायला नको.

पहिल्यापासून सुरू करतो, कारण नुकसान तिथेच जास्त आहे. ‘वॉट सारखे असले की झालं’ लिहिणाऱ्याने एसएमपीएसच्या बाजूचं लेबल कधी नीट वाचलेलं नाही. आजच्या पीसीमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. त्यामुळे बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा सोडा, लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. समजा ‘४५० वॉट’ लिहिलंय आणि १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर आहेत. गुणाकार करा : २१६ वॉट. भाचीच्या यादीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे, ते एकटं १७० वॉट घेतं. तिचा प्रोसेसर, एएमडीचा रायझन ५ ५६००, पूर्ण लोडवर ७६ वॉटपर्यंत जातो. झाले २४६. पंखे आणि ड्राइव्ह अजून धरलेलेच नाहीत, आणि कार्ड क्षणभर उसळी मारून याहून बरंच जास्त ओढतं ते वेगळंच. एनव्हिडियाने या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवलाय तो उगाच नाही.

बरं, वॉटही पुरेसे आहेत असं धरू. तरी प्रश्न सुटत नाही. इंटेलची एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉप पीसीच्या नेहमीच्या प्रकारच्या, पॉवर सप्लायसाठीची डिझाइन गाइड आहे, कोणालाही वाचता येते. १२ व्होल्टच्या लाइनवर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, १२० मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये, ५ आणि ३.३ व्होल्टवर ५० च्या वर नको, असं त्यात स्पष्ट आहे. व्होल्टेज वाढलं किंवा शॉर्ट झालं तर सप्लायने स्वतःहून बंद पडलं पाहिजे, हेही आहे. फुकटातल्या एसएमपीएसमध्ये कात्री लागते ती नेमकी इथे : कॅपॅसिटर, फिल्टर, संरक्षणाचं सर्किट. या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत, आणि पीसी पहिल्या दिवशी व्यवस्थित सुरूही होतो. मग गेम खेळताना मध्येच रीस्टार्ट व्हायला लागतो, माणूस विंडोज पुन्हा टाकतो, रॅम बदलून बघतो, आणि खऱ्या दोषीकडे कोणी बघतच नाही. सप्लाय जाताना एकटा गेला तर नशीब. संरक्षण नसेल तर तो बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो. वाचवलेली रक्कम आणि जळालेल्या कार्डाची किंमत, यांची तुलना ज्याची त्याने करावी.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो : ‘८० प्लसचा शिक्का म्हणजे सगळं नव्हे.’ बरोबर. तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे, म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेतली किती पीसीला मिळते याचा. त्याच्या मूळ श्रेणीत ११५ व्होल्टवर २०, ५० आणि १०० टक्के लोडला किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. रिपल किंवा संरक्षण यांबद्दल तो काहीच सांगत नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? शिक्क्यावर न थांबता त्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचावी, हा. शिक्काच नसलेला घ्यावा, हा नव्हे! आणि हो, सहाशे वॉटही न लागणाऱ्या पीसीला हजार वॉटचा सप्लाय घेणं हीसुद्धा उधळपट्टीच आहे.

आता आय-सेव्हन. इंटेलच्या प्रोसेसरांची आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही एकाच पिढीतली उतरंड आहे, पिढ्यांपिढ्यांमधली नव्हे. २०११ चा आय-सेव्हन २६०० चार कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेडचा (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२ चा आय-थ्री १२१०० सुद्धा चार कोर आणि आठ थ्रेडचाच, पण त्याचा प्रत्येक कोर कितीतरी वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो जुना आय-सेव्हन बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नुसत्या नावावर भाळून इतका जुना प्रोसेसर नव्या पीसीत घालायला सांगणं हा सल्ला नव्हे. जाता जाता : इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. कार्ड न घेता असा प्रोसेसर घेतला तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

ग्राफिक्स कार्डाचे फक्त जीबी बघणाऱ्यांसाठी जीटी १०३० एवढं एकच उदाहरण पुरेसं आहे. एकाच नावाची दोन कार्डं, दोन्ही २ जीबीची. एकात जीडीडीआर५ प्रकारची मेमरी, बँडविड्थ (मेमरीतून माहिती ने-आण करायचा वेग) सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्यात डीडीआर४, बँडविड्थ १६.८ जीबी. जीबी तेवढेच, आणि गेममध्ये दुसरं पार मागे पडतं. नव्या जड गेममध्ये मेमरी कमी पडली की कार्ड अडखळतं, हे खरं. पण आधी चिप बघायची, मग मेमरी.

रॅमच्या एका स्टिकचं म्हणणं कार्ड असलेल्या पीसीत एक वेळ खपून जाईल. अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या पीसीत नाही, कारण तिथे ग्राफिक्ससुद्धा तीच रॅम वापरतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन स्टिक मिळून ५१.२. सोळाची एक घेण्याऐवजी आठच्या दोन घ्या.

एसएसडी लवकर मरते म्हणे. सॅमसंगच्या ९७० ईव्हो प्लसच्या १ टीबी मॉडेलला ६०० टेराबाइट लिखाणाची हमी होती. रोज ५० जीबी लिहिलं तरी तिथवर पोचायला तीस वर्षांहून जास्त लागतील. विंडोज एसएसडीवरच टाका. फोटो-व्हिडिओंच्या साठ्याला हार्ड डिस्क ठीक आहे.

आणि महाग मदरबोर्ड. इंटेलच्या प्रोसेसरांसाठीचे झेड२७० चे बोर्ड २०१७ च्या जानेवारीत आले, त्यातले काही चांगले महागडे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेले इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर त्यांवर चालले नाहीत, सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, पिना तेवढ्याच असूनही. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या २०१७ मधल्या अनेक साध्या बोर्डांवर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चे प्रोसेसर बसले. पुढची सोय कंपनीच्या धोरणावर ठरते, बोर्डाच्या किमतीवर नाही. प्रोसेसरला पुरेशी वीज देणारा आणि लागतील तेवढे पोर्ट असलेला बोर्ड घ्या.

बजेट कमी पडत असेल तर कात्री लावायला जागा आहेत. आधी दिवे आणि काचेचं कॅबिनेट (हवा खेळती राहिली की पुरे), मग बोर्डाची श्रेणी, मग प्रोसेसर एक पायरी खाली. बजेट मोठं असेल आणि गेमच खेळायचे असतील तर वाढीव पैशांचा मोठा वाटा कार्डाला द्या. व्हिडिओ एडिटिंग असेल तर प्रोसेसरचे कोर आणि रॅम आधी. बजेट अगदीच तुटपुंजं असेल तर कार्ड सरळ वगळा, एएमडीच्या ५६००जी सारखा अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घ्या आणि दोन रॅम स्टिक लावा. फक्त पुढे कार्ड बसवायचा विचार असेल तर त्याला पुरेल असा एसएमपीएस आजच घ्या, कार्डाला वीज देणारी पीसीआयईची आठ पिनची केबल आहे ना ते बघून.