साहेब खिडकीबाहेर बघत होते

केस, म्हणजे मॅनेजमेंटच्या वर्गात चर्चेला ठेवायची एखाद्या कंपनीतल्या खऱ्या पेचाची गोष्ट, लिहायला बसलात? मग आधी खिडकी शोधा. कंपनी मागाहून मिळते, आकडे मागाहून मिळतात, सिद्धान्त तर सगळ्यात शेवटी चिकटवायचा असतो. पण पहिल्या परिच्छेदात कुणी बडा अधिकारी खिडकीबाहेर बघत उभा नसेल, तर मॅनेजमेंटच्या कॉन्फरन्समध्ये तिला केस म्हणून कुणी ओळख दाखवणार नाही. बाहेर पाऊस असावा. टेबलावरची कॉफी गार झालेली असावी. शुक्रवारची संध्याकाळ आणि सोमवारी संचालक मंडळाची बैठक. पाऊस नसेल तर निदान अंधारून येऊ द्या. संचालक मंडळच नसेल तर कंपनी बदला.

माझ्या पहिल्या केसमधल्या साहेबांच्या केबिनला खिडकी नव्हती. एक ट्यूबलाइट, एक कपाट आणि गोदामात उघडणारं दार. शिवाय ते कुठल्याही पेचात सापडलेले नव्हते. कारखाना हलवायचा निर्णय त्यांनी दीड वर्षापूर्वी जिना उतरता उतरता फोनवर घेऊन टाकला होता, कारण जागामालकाने भाडं वाढवलं होतं. अशा वेळी खचून जायचं नाही. निर्णय कसा झाला हे सांगायला केस नसतेच. कसा झाला असता तर शोभून दिसला असता, ते सांगायला असते. काल्पनिक केस आम्ही घेत नाही, असं नॉर्थ अमेरिकन केस रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था बजावून सांगतात. पण त्यांचा रोख काल्पनिक कंपनीवर असतो. खिडकी ही वातावरणनिर्मिती.

पर्याय तीन ठेवा. एक धाडसी, एक सावध आणि तिसरा ‘आहे तसंच चालू द्यावं’. हा तिसरा कुणीच निवडत नाही, तरी तो हवा. गटफोटोत कडेला उभ्या असलेल्या माणसासारखा. लेखकाने स्वतःचं मत केसमध्ये डोकावू द्यायचं नाही, असा दंडक आहे. म्हणून धाडसी पर्यायाला दोन पानं द्या आणि सावध पर्यायाला अर्धं. मत दिसत नाही आणि वर्गाला कळायचं ते कळतं.

सगळी केस भूतकाळात लिहायची, हा नियम मात्र खरोखर शहाणपणाचा आहे. केस छापून येईपर्यंत साहेब नोकरी सोडतात, कधी कधी कंपनीही जग सोडते.

आता परवानगीपत्र. कंपनीच्या सहीशिवाय केस पुढे सरकत नाही, आणि सही करायच्या आधी मसुदा जनसंपर्क विभागात जातो. तिथे एक अतिशय नम्र माणूस बसलेला असतो. माझा मसुदा त्याने तीन आठवड्यांनी परत पाठवला. ‘संप’ खोडून ‘कामगारांशी संवादाची संधी’. ‘तोटा’ खोडून ‘अपेक्षेहून मंद वाढ’. जागामालक समूळ नाहीसा. त्याच्या जागी ‘दीर्घकालीन दृष्टी’. शेवटी प्रेमाने लिहिलं होतं, ‘बाकी सगळं उत्तम आहे.’ बाकी म्हणजे खिडकी.

ओळख लपवायची असेल तर त्याचीही रीत आहे. नाव बदला आणि सगळ्या रकमांना एकाच आकड्याने गुणा, म्हणजे गुणोत्तरं शाबूत राहतात. मी हे इमानाने केलं. पहिल्याच वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने दोन मिनिटांत कंपनीचं खरं नाव सांगितलं. मी उत्पादनाचं वर्णन बदलायला विसरलो होतो.

या सगळ्याची सुरुवात कुठून झाली, हे कॉन्फरन्समध्ये चुकूनही काढू नका. १८७० मध्ये हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये लँगडेल यांनी न्यायनिवाडे समोर ठेवून शिकवायला सुरुवात केली. १९१९ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलला डीन मिळाले ते वॉलेस डोनहॅम, तेही कायदाच शिकलेले. निवाड्यांचे ग्रंथ तयार होते, धंद्यातल्या पेचांचे नव्हते, म्हणून ते लिहवून घ्यावे लागले. १९२१ मध्ये पहिली केस आली, ‘जनरल शू कंपनी’. बुटांच्या कारखान्यातले कामगार सुटीच्या वेळेआधीच काम थांबवतात, काय करावं? संपली केस. एक पान! आज ती पाठवली असती तर रिव्ह्यूअरने विचारलं असतं, परिशिष्टं कुठे आहेत, सिद्धान्त कुठे आहे, आणि कामगार खिडकीबाहेर बघत होते का.

तुमची केस आठ पानांची असेल, तर टीचिंग नोट, म्हणजे ती केस कशी शिकवायची याचं शिक्षकासाठीचं टिपण, बावीस पानांची करा. विद्यार्थ्याने अनिश्चिततेत स्वतः निर्णय घ्यायला शिकावं म्हणून केस. आणि शिक्षकाला अनिश्चिततेचा वाराही लागू नये म्हणून नोट. पहिली पाच मिनिटं अमुक प्रश्न, त्यावर विद्यार्थी तमुक उत्तर देतील, मग फळ्याच्या डाव्या तिसऱ्या भागात हे लिहावं. उद्दिष्टांत ‘समजून घेणे’ लिहिलंत तर गेलात. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी १९५६ मध्ये बांधलेल्या शिकण्याच्या पायऱ्यांच्या शिडीवरून जितकं वर चढता येईल तितकं चढा: ‘विश्लेषण करणे’, ‘मूल्यमापन करणे’, २००१ च्या सुधारित शिडीवर तर सगळ्यात वर ‘निर्मिती करणे’ आहे. मग सिद्धान्त. धंद्यातली स्पर्धा जोखायच्या पोर्टर यांच्या पाच शक्ती १९७९ पासून कामाला जुंपलेल्या आहेत, त्या माझ्या केसमध्येही आल्या. पाचांपैकी चारांना काही काम नव्हतं. ‘पुरवठादाराची ताकद’ या रकान्यात जागामालक बसला असता, पण तो आता कंपनीच्या इतिहासातच उरला नव्हता.

कॉन्फरन्समध्ये केसवर गोलमेज चर्चा होते. टेबल आयताकृती असतं. भोवती आठ जण, आठही केसलेखक, आणि प्रत्येकाने फक्त स्वतःची केस वाचलेली. तुमची पाळी आली की पहिला म्हणतो, “मला फार आवडली, पण निर्णयाचा क्षण कुठे आहे?” दुसरा म्हणतो, क्षण आहे पण ताण नाही. तिसऱ्या बाई परिशिष्ट चारमधली बेरीज चुकल्याचं दाखवतात. यांनी केस वाचली आहे हे लक्षात येऊन बाकीचे जरा अस्वस्थ होतात. तुम्ही सगळं वहीत लिहून घ्या, मान हलवा आणि प्रत्येकाला “हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे” असं म्हणा. तुमची पाळी संपली की तुम्हीही पुढच्याला विचारायचं, निर्णयाचा क्षण कुठे आहे?

केस स्वीकारली गेली की साहेबांना वर्गात पाहुणे म्हणून जरूर बोलवा. मी बोलावलं. छापील केस त्यांनी प्रवासात दोनदा वाचली होती. चर्चा रंगली, धाडसी पर्याय ठरल्याप्रमाणे जिंकला. मग एका मुलाने विचारलं, “सर, त्या वेळी तुमच्या मनात नेमकं काय चाललं होतं?”

मी श्वास रोखला. जिना, फोन, भाडं, सगळं आता बाहेर येणार.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग डोळे किंचित मिटून म्हणाले, “शुक्रवार होता. बाहेर पाऊस लागला होता. मी खिडकीपाशी उभा होतो...”