तो कोथिंबिरीचा टेम्पो

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

पावणेनऊला ऑफिसला निघाले होते. नवले पुलाच्या अलीकडे सर्व्हिस रोडला खडी पसरलीय, तिच्यावरून एक डिलिव्हरीवाला पोरगा घसरला. गाडी त्याच्या पायावर. मी स्कूटर बाजूला लावली, एका रिक्षावाल्या दादांनी मागून गाड्या येऊ नयेत म्हणून रिक्षा आडवी घातली, दोघांनी मिळून गाडी उचलली. १०८ ला फोन लावत होते तेवढ्यात एक मोठी गाडी शेजारी थांबली. काच खाली झाली. मला वाटलं, उतरतायत. तर म्हणाले, "मॅडम, निघा तुम्ही. पोलीस केस होईल. नसत्या भानगडीत कशाला पडता?" काच वर. गेले. मागच्या काचेवर स्वामी समर्थांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे.'

मी स्वामींना मानते. गुरुवार करते, अक्कलकोटला जाते, तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासोबत आलेत. म्हणूनच ते जास्त झोंबलं. 'भिऊ नकोस' हे स्वामींनी कुठल्या वेळेसाठी सांगितलंय? रस्त्यात कुणीतरी पडलेलं दिसतं, पोटात गोळा येतो, पाय मागे सरतो, त्याच वेळेसाठी ना?

माझे अण्णा २००७ च्या जानेवारीत पहाटे चारला साताऱ्याहून स्कूटरवर निघाले. पुण्यात आजीचं ऑपरेशन होतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडला, आणि पुढच्या त्या वळणावर गेले घसरत. (ते वळण ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.) मांडीचं हाड मोडलं, कपाळ फुटलं. अण्णा सांगतात, सहा-सात गाड्यांचे दिवे अंगावरून गेले. त्यांनी मोजले होते. मग एक टेम्पो थांबला. कोथिंबीर भरून गुलटेकडीला मार्केटयार्डात चाललेला, आधीच उशीर झालेला. ड्रायव्हरनं जुड्यांवरचं ओलं गोणपाट काढलं, अण्णांना त्यात गुंडाळून केबिनमध्ये घेतलं आणि रस्त्यालगतच्या एका दवाखान्यात आणलं. तेव्हा १०८ नव्हती, महाराष्ट्रात ती २०१४ ला आली.

आणि त्या दवाखान्यानं काय केलं? त्यालाच धरून बसवलं! पोलीस येईपर्यंत हलायचं नाही म्हणाले. दीड तास बसला तो. अण्णांच्या खिशातल्या डायरीतून आमचा नंबर काढून त्यानंच घरी फोन केला. आई सांगते, त्याचं पहिलं वाक्य होतं, "वहिनी, सर बोलतायत, घाबरू नका." आधी हे, मग अपघात. आई आणि काका पोचेपर्यंत तो निघून गेला होता. पाकीट आणि घड्याळ नर्सकडे मोजून देऊन. महिन्याभरानं काका त्याचं नाव विचारायला गेले तर ज्या पानावर लिहिलं होतं ते कुणाला सापडेना.

पोलीस केस होईल म्हणणाऱ्यांनो, जरा वाचत जा हो. २०१६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही ही नियमावली देशभर बंधनकारक केली. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं. दवाखाना तुम्हाला अडवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. नाव सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. सरकार आता गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला 'राहवीर' म्हणून २५ हजार देतं. आणखी काय पाहिजे? कुणी पायघड्या घालायच्या?

हो, रात्री हायवेवर अडवून लुटतात, मान्य. एकट्या बाईनं काच उतरवू नये, तेही मान्य. पुढे जाऊन ११२ ला फोन तर करता येतो. तेवढा तरी करता का?

आई आजही म्हणते, त्या पहाटे स्वामीच आले होते टेम्पो घेऊन. अण्णा या एका गोष्टीवर चिडतात. "स्वामी नव्हते, माणूस होता. त्याची कोथिंबीर सुकत होती. दवाखान्यात माझ्यासमोर आडत्याला फोन करून सांगत होता, आज भाव पडला तरी घ्या." लहानपणी मला आईचंच गोड वाटायचं. आता अण्णांचं पटतं. त्याला देव केलं की त्याचं नुकसान पुसलं जातं. देवाला कसला तोटा? त्या माणसाला झाला, आणि तरी तो थांबला. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ती गोष्ट आईनंच मला शंभरदा सांगितली आहे. त्यातही मला आता ती कावडच दिसते. काशीपासून खांद्यावर आणलेली.

एवढं लिहून झाल्यावर राग थोडा उतरलाय. त्या गाडीवाल्यांनाही कधीतरी कुणी असंच दीड तास बसवून ठेवलं असेल. तसं असेल तर मी त्यांना बोलायला नको होतं. (मागून ओरडले मी. जे ओरडले ते इथे लिहीत नाही.)

पोरगा बरा आहे. औशाकडचा आहे. कॉलरबोन मोडलंय, पाय सुजलाय पण फ्रॅक्चर नाही. संध्याकाळी अण्णांचा फोन आला, त्यांनी एकच विचारलं, "त्याच्या घरी कुणी कळवलं का?" कळवलं होतं. त्याच्या आईनं फोन उचलल्यावर माझ्या तोंडून आपोआप आधी "तो बोलतोय, घाबरू नका" निघालं. ती रडत रडत विचारत होती, तुम्ही कोण, कुठल्या. कायद्यानं नाव सांगायची सक्ती नाही, पण मी सांगितलं. नाव, गाव, माहेर, नंबर, सगळं. माझी आई इतकी वर्षं गुलटेकडीवरून जाताना प्रत्येक टेम्पोत डोकावतेय, तसं त्या बाईचं व्हायला नको.

म्हणून ही पोस्ट पब्लिक ठेवतेय. सातारा, कोरेगाव, वाई, फलटण भागातल्या मित्रांनो, तुमच्या ओळखीत २००७ च्या सुमारास पुण्याला पालेभाजी नेणारे कुणी टेम्पोवाले असतील तर त्यांना विचारा. जानेवारी, पहाट, खंबाटकीच्या बोगद्यापुढे पडलेले एक शिक्षक, निळा स्वेटर. आई ७१ ची आहे. तिला त्यांना एकदा जेवायला बोलवायचंय.