झाकण ठेवणं वेगळं, आवळणं वेगळं

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि तिथेच चार दिवस गेले. उशिराबद्दल क्षमस्व.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आट्यांचं झाकण बाटलीच्या तोंडावर ठेवायला मोटर, हवेचा दाब किंवा पकडणारा यांत्रिक हात लागत नाही, असं मी लिहिलं होतं. एक उतरती पन्हळ, तिच्या तोंडाशी झाकण अडवून धरणाऱ्या दोन स्प्रिंगच्या पट्ट्या आणि खालून सरकत जाणारी बाटली, एवढं पुरतं. बाटली आपलं झाकण आपणच ओढून नेते. यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: आकृती चुकीची आहे, असल्या जुगाडात झाकणं तिरकी बसून आटे मरतात, आणि सेन्सर, सर्व्हो मोटर (सांगितलं तेवढीच नेमकी फिरणारी मोटर) सहज मिळत असताना हे लिहिणं म्हणजे जुन्याचे गोडवे गाणं.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. आकृतीत पन्हळीचा उतार मी बाटलीच्या चालीच्या उलट दिशेला काढला होता. तसं केलं तर झाकणाची खालची कड येणाऱ्या बाटलीच्या वाटेत आडवी येते, बाटली त्या कडेला बाहेरून धडकते आणि झाकण परत पन्हळीतच ढकललं जातं. उतार बाटलीच्या चालीच्याच दिशेला हवा. मग झाकणाची पुढची कड खाली लोंबते आणि मागची वर उचललेली राहते. बाटलीचं तोंड त्या उचललेल्या कडेखालून आत शिरतं आणि पुढच्या कडेला आतल्या बाजूने भिडतं. २८ मिलिमीटरचं झाकण २५ अंशांनी कललेलं असेल, तर दोन कडांच्या उंचीत जवळजवळ १२ मिलिमीटरचा फरक पडतो. बाटलीला आत शिरायला ही फट भरपूर झाली. स्प्रिंगच्या पट्ट्या बाजूला होतात, झाकण सुटतं, आणि पुढची दाबपट्टी, म्हणजे झाकणाला वरून दाबणारी स्थिर पट्टी, त्याची मागची कड खाली बसवते. आकृती बदलली आहे. लेख लिहिताना मान वाकडी करून वही बघत होतो, ही सबब ठेवतो. पटली तर घ्या.

आता दुसरा आक्षेप. खरा मुद्दा इथेच आहे, आणि इथे मी अर्धाच मान्य करतो.

झाकणं तिरकी बसतात हे खरं. पण दोष पन्हळीचा नाही, आट्यांचा आहे. आट्याला सुरुवात असते. बाटलीवर तो कुठल्या बाजूला सुरू होतो हे पन्हळीतून येणाऱ्या झाकणाला ठाऊक नसतं, आणि सर्व्हो मोटरच्या मुठीतल्या झाकणालाही ठाऊक नसतं. झाकणाच्या आट्याचं टोक बाटलीच्या आट्यावर चढून बसलं की झाकण एका अंगाला उचललेलं राहतं. त्याच अवस्थेत ते सुलट फिरवलं, तर एका बाजूला एक आटा पकडला जातो आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या शेजारचा. मग जितका जोर लावाल तितके आटे मरतात.

यावरचा उपाय कुठल्याही फिटरला विचारा. तो नट चढवताना आधी उलटा फिरवतो. झाकण उलट फिरवलं की फेऱ्यात एकदा दोन्ही आट्यांची टोकं एकमेकांना ओलांडतात आणि झाकण टक् करून खाली उतरतं. २८ मिलिमीटरच्या साध्या, एका सुरुवातीच्या आट्यात दोन वळणांमधलं अंतर सुमारे सव्वाचार मिलिमीटर असतं, त्यामुळे हा टक् बोटाला स्पष्ट कळतो. एक पूर्ण उलटा फेरा दिला की ती जागा सापडतेच, झाकण कसंही पडलेलं असो. आट्याला तीन सुरुवाती असतील, म्हणजे तीन आटे वेगवेगळ्या जागी सुरू होत असतील, तर एक तृतीयांश फेराही पुरतो.

हा उलटा फेरा मोटरशिवाय कसा द्यायचा, हे मूळ लेखात राहून गेलं. ती माझी खरी चूक, आकृतीपेक्षा मोठी. बाटली पुढे जात असताना तिच्या चालीच्या डाव्या हाताला एक स्थिर रबरी पट्टी लावायची, झाकणाच्या कडेला जेमतेम घासेल अशी. झाकणाची डावी बाजू मागे ओढली जाते, आणि वरून पाहिलं तर ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, म्हणजे उघडण्याच्या दिशेने. २८ मिलिमीटरच्या झाकणाचा परीघ सुमारे ८८ मिलिमीटर. झाकण न घसरता पट्टीवर गडगडलं, तर तेवढ्याच लांबीत त्याचा एक फेरा पुरा होतो. घसरण धरून पट्टी थोडी लांब घ्या. मग तशीच पट्टी उजव्या हाताला लावली की झाकण सुलट फिरून आट्यात उतरतं. बाटली स्वतः फिरू नये म्हणून तिला मानेखाली दोन्ही बाजूंनी धरावं लागतं, एवढंच.

माझ्या टेबलावर लाकडी फळी आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे वापरून हे केलेलं आहे. पहिले दोन दिवस बाटल्या डुलत होत्या आणि झाकणं बाटलीला सोडून टेबलाखाली जात होती. रिकाम्या, हलक्या बाटलीला हे यंत्र अजूनही नकोच वाटतं. भरलेली बाटली मात्र मुकाट्याने झाकण उचलते, कारण स्प्रिंगच्या पट्ट्यांपेक्षा तिचं वजन भारी पडतं.

तुमच्या प्रतिक्रियेत ‘ठेवणं’ आणि ‘आवळणं’ या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. माझ्या लेखातही ती होती, म्हणून दोष तुमच्या एकट्याचा नाही. वर सांगितलेल्या रबरी पट्टीने झाकण आट्यात उतरतं, घट्ट होत नाही. आवळण्याच्या जोराचा एक रूढ ठोकताळा असा: झाकणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याच्या निम्मा आकडा म्हणजे इंच-पौंडांतला पिळाचा जोर. २८ मिलिमीटरला १४ इंच-पौंड, म्हणजे जवळपास १.६ न्यूटन-मीटर. झाकणाची त्रिज्या १४ मिलिमीटर धरली, तर कडेला लागणारा जोर साडेअकरा किलो वजनाइतका होतो. हाताने ढकललेल्या बाटलीने आणि घासणाऱ्या ट्यूबने तो मिळणार नाही. तिथे ठरलेला जोर आला की सुटणारा क्लच असलेलं यंत्राचं डोकं हवं, किंवा माणसाचं मनगट. आवळण्याचं काम सोपं आहे असं मी म्हणतो ते याच अर्थाने: त्यात शोधायचं काही नसतं, जोर लावायचा आणि ठरलेल्या ठिकाणी थांबायचं. शोधण्याची सगळी कटकट झाकण ठेवताना असते.

रुंद तोंडाच्या बरण्यांवर तिरकं झाकण लक्षात येत नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते मला आधी पटलं नाही, नंतर गणिताने पटवलं. तिरकं झाकण साधारण एका आट्याच्या अंतराने उचललेलं असतं. २८ मिलिमीटरच्या झाकणात तो कल सुमारे साडेआठ अंशांचा होतो आणि डोळ्याला लगेच दिसतो. ७० मिलिमीटरच्या झाकणात तेवढंच अंतर जेमतेम साडेतीन अंशांचं भरतं. तिरकं बसलेलं रुंद झाकण सरळच वाटतं! अशा अनेक बरण्यांना लांब आट्यांऐवजी पाव फेऱ्यात अडकणारे कान देतात, किंवा आट्याला अनेक सुरुवाती ठेवतात. एका सुरुवातीचं रुंद झाकण माझ्या पन्हळीवर चालवू नका. हे वाक्य मूळ लेखात घातलं आहे.

बाटलीच्या मानेचा आकार हा यंत्राचा भाग नव्हे, असं तुम्ही जाता जाता म्हटलंत, ते मात्र मुळीच पटलं नाही. अमेरिकेतले कारागीर जॉन लँडिस मेसन यांनी ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बरणीचं पेटंट घेतलं, त्यात कसब होतं ते काचेवरच्या आट्यात. बरणीच्या कडेपर्यंत पोचायच्या आधीच तो आटा विरून जातो. त्यामुळे झाकण पुरतं खाली उतरतं आणि बरणीच्या खांद्यावर बसतं. ओबडधोबड कडेवर भरवसा ठेवावा लागत नाही. आटा कुठे सुरू होतो आणि कुठे विरतो, यावरच झाकण बसणार की अडणार हे ठरतं. निम्मं यंत्र बाटलीच्या मानेवरच ओतलेलं असतं म्हणा ना.

पन्हळीत झाकणं एकमेकांवर चढतात, हा तुमचा अनुभव माझाही आहे. पन्हळीवरच्या झाकणपट्टीची उंची झाकणापेक्षा थोडीच जास्त ठेवा, चढायला जागाच उरत नाही. आणि पन्हळ गच्च भरू नका. दोन-दोन ग्रॅमची ५० झाकणं रांगेत उभी केली तर रांग १.४ मीटरची होते. ३० अंशांच्या उतारावर, घर्षण सोडून दिलं तर, ती शेवटच्या झाकणाला ५० ग्रॅम वजनाइतकं रेटतात. मऊ स्प्रिंग त्या रेट्याने एका बाटलीला दोन झाकणं देते. माझ्याकडे एकदा पाठोपाठ तीन सुटली होती.

उताणी झाकणं वेगळी काढायला तुम्ही कॅमेरा सुचवलात. त्याआधी एक करून बघा. मागे झुकलेल्या फळीवर अगदी अरुंद कड ठोका आणि झाकणं त्या कडेवर उभी करा. झाकणाचं वजन बंद बाजूकडे जास्त असतं. बंद बाजू फळीला टेकली असेल तर तोल आत राहतो आणि झाकण टिकतं. उघडी बाजू टेकली असेल तर तोल कडेबाहेर जातो आणि ते आपसूक खाली पडतं. झाकणं वर चढवणाऱ्या मोठ्या सरकत्या पट्ट्यांमध्येही हीच युक्ती असते.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल फार बोलत नाही. औषधाच्या बाटलीवर प्रत्येक झाकण किती फिरलं आणि किती जोराने आवळलं याची नोंद हवी असेल, तर सर्व्हो डोकंच लावा. पंप किंवा फवाऱ्याची नळी लोंबणारं झाकण असेल तरी माझी पन्हळ कुचकामी. पण सेन्सर तिरकं झाकण पकडतो, सरळ करत नाही. त्या महागड्या डोक्यालाही बऱ्याचदा आधी उलटा फेराच द्यावा लागतो.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या जुन्या यंत्रातल्या दाबपट्टीचं पुढचं टोक वर वळवलेलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. ते वळण नेमकं किती होतं? माझी पट्टी सरळ आहे आणि दर थोड्या बाटल्यांनी एखाद्या झाकणाची मागची कड तिच्या टोकाला अडकते. वळण चुकतंय की उंची, ते अजून लागलेलं नाही.