मुंजीचे ३६ फोटो आणि पन्ह्याचा बर्फ

बाबांचा याशिका एफएक्स-३ हा जुना रोलचा कॅमेरा कपाटात डांबरगोळ्यांच्या शेजारी कित्येक वर्षं पडून होता, तो मी बाहेर काढला आणि घराची शांतता गेली. रोल मला हजाराच्या आसपास पडला, त्यात ३६ फोटो, म्हणजे एका क्लिकला साधारण दीड वडापाव. त्यामुळे बटण दाबायच्या आधी मी इतका विचार करतो की समोरचा माणूस तोवर जेवून हात धुऊन येतो.

पहिली मोठी संधी भाच्याची मुंज. मामा म्हणून मान होताच, त्यात गळ्यात कॅमेरा. मातृभोजनाला बटू लाडू तोंडात धरून बसलाय, खिडकीतून झक्कास उजेड येतोय, मी फोकससाठी व्ह्यूफाइंडरमधल्या गोलात ताईच्या चेहऱ्याचे दोन तुकडे जुळवतोय आणि ताई ओरडतेय, "लवकर रे, त्याला गिळू दे!" क्लिक. लगेच आत्या, "दाखव बघू." कॅमेरा उलटा केला तर मागे नुसतं काळं झाकण. "मग मोबाईलवर पण एक काढ की, असू दे." मी अर्थातच नाही काढला. तत्त्व म्हणून.

३६ झाले तरी फिल्म पुढे ओढायची लिव्हर आपली सरकतेच आहे. म्हटलं रोल दिलदार दिसतोय, एखाद-दोन जास्तीचे निघतात कधीकधी. फिल्म परत डबीत गुंडाळायचं ते रिवाइंड तर इतकं अलगद, दोन-तीन वेढ्यांत खलास. जुन्या मशीनची क्वालिटीच वेगळी, असं मी तिथे दोघातिघांना ऐकवलं पण.

डेव्हलप घरीच. डी-७६ या डेव्हलपरला, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या केमिकलला, पाणी हवं २० डिग्री, आणि मे महिन्यात पुण्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं त्यात चहा होईल. म्हणून मग फ्रीजमधला बर्फ, जो आईनं पन्ह्यासाठी ठेवलेला. रात्री अकराला बाथरूमचा दिवा बंद, दाराच्या फटीत टॉवेल, घामेजल्या हातांनी अंधारात फिल्म स्पायरलवर, म्हणजे डब्यातल्या चक्रीवर, चढवतोय, ती निम्म्यात अडकतेय, आणि बाहेर बाबा.

"अजून किती?"

"दहा मिनिटं."

"माझ्याकडे दहा मिनिटं नाहीयेत."

मग साडेसात मिनिटं डेव्हलपर, दर मिनिटाला डबा उलटासुलटा, मग फोटो पक्के करणारं फिक्सर, मग धुणं. फिल्म उलगडली. सुरुवातीची वीतभर काळी, पुढे काचेसारखी, आरपार बादली दिसतेय. केमिकल गंडलं म्हणावं तर कडेला 'एचपी५ प्लस' हे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कसे ठसठशीत! ते फॅक्टरीतूनच टाकलेले असतात आणि डेव्हलप झालं तरच दिसतात. म्हणजे माझी धुलाई एक नंबर. फिल्मचं टोक पलीकडच्या स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं, अख्खी मुंज मी रिकामी लिव्हर ओढत होतो. ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरतेय ना, एवढंच बघायचं असतं. हे कोणीही सांगतं. मी स्वतः लोकांना सांगितलंय.

तरी ती पट्टी मी दोरीवर बाबांच्या बनियनशेजारी चिमटा लावून वाळत घातली, का ते विचारू नका. सकाळी आईनं उजेडात धरून निरखून बघितली.

"चांगली स्वच्छ निघालीय की रे. यात मी कुठेय?"

मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताईला तूच सांग. आणि आधी तो बर्फाचा ट्रे भरून ठेव."