उन्हाळ्यातल्या पॅरिसमध्ये पत्त्याआधी वेळ पाहा

जून ते ऑगस्ट या काळात पॅरिसला निघालेले परिचित मला प्रवासाआधी तीन प्रश्न हमखास विचारतात: राहायचे कुठे, जेवायचे कुठे आणि खरेदी कुठे करायची. त्या शहरात चार उन्हाळे थोडेथोडे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या तिन्ही प्रश्नांच्या आधी 'केव्हा' हा प्रश्न विचारायला हवा. उन्हाळ्यात पॅरिसची घडीच बदलते. जूनच्या अखेरीस तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैत शहर गजबजलेले असते आणि ऑगस्टमध्ये खुद्द पॅरिसकर सुटीवर निघून जातात. हे वेळापत्रक ठाऊक नसलेला माणूस कितीही नामांकित पत्ता घेऊन गेला, तरी बंद दारापुढे किंवा तापलेल्या खोलीत पोहोचण्याची शक्यता मोठी असते.

माझी पहिली चूक राहण्याच्या जागेतच झाली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यासाठी मी अगदी वरच्या मजल्यावरची, खिडकीतून आयफेल टॉवरचे टोक दिसणारी खोली मोठ्या हौसेने घेतली होती. पॅरिसमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक इमारतींची छपरे जस्ताच्या पत्र्यांची आहेत. दुरून ती निळसर करडी आणि अतिशय देखणी दिसतात, आणि ती घडवणाऱ्या कारागिरांचे कसब २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवले गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु या छपराला लागून असलेल्या खोल्या मुळात घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी बांधलेल्या होत्या, त्यांना आजही 'शाँब्र द बॉन' म्हणजे मोलकरणीची खोली असेच म्हणतात, आणि त्या काळी त्यांच्या झोपेची फिकीर कोणी केली नव्हती. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्र उलटली तरी खोलीत उष्णता सोडत राहतो आणि एकुलत्या एका खिडकीमुळे वारा आरपार वाहत नाही. तीन रात्री मी ओला टॉवेल अंगावर घेऊन काढल्या आणि टॉवरच्या टोकाकडे फारसे पाहिलेही नाही.

हा केवळ गैरसोयीचा मुद्दा नाही. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि १९४७ पासून टिकून असलेला ४०.४ अंशांचा उच्चांक मोडला. त्याआधी ऑगस्ट २००३ मधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली होती, आणि त्यांत वृद्धांची संख्या फार मोठी होती. उष्ण प्रदेशात वाढलेल्या माणसाला 'युरोपातला उन्हाळा तो काय' असे वाटणे साहजिक आहे. परंतु तिथली घरे थंडी अडवण्यासाठी बांधलेली आहेत, छताला पंखा नसतो आणि वातानुकूलन सगळीकडे गृहीत धरता येत नाही. आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे, की खिडकीतून काय दिसते हे शेवटी विचारावे. आधी खोली दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर आहे का, ती रस्त्याकडे तोंड करून आहे की आतल्या चौकाकडे, खिडक्यांना लाकडी झडपा आहेत का, आणि 'क्लिम', म्हणजे वातानुकूलन, खोलीतच आहे की फक्त स्वागतकक्षात, हे चार प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. चौकाकडची खोली अंधारी असते, पण पहाटेचा गारवा ती दुपारपर्यंत टिकवून धरते आणि रात्री उपाहारगृहांच्या खुर्च्यांचा खडखडाट तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

भागाविषयी बोलायचे तर पॅरिसचे वीस विभाग मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखे वळत बाहेर जातात, आणि पहिल्या व आठव्या विभागाचा दिमाख सर्वांना ठाऊक आहे. जूनच्या उत्तरार्धात तिथे पुरुषांच्या पोशाखांचा फॅशन वीक असतो आणि जुलैच्या सुरुवातीला 'ओत कुत्यूर'चा, म्हणजे ग्राहकाच्या मापाने शिवलेल्या उंची पोशाखांचा, आठवडा येतो. त्या दिवसांत प्लास व्हाँदोम आणि आव्हन्यू माँतेन्यच्या आसपास जगभरातले छायाचित्रकार, खरेदीदार आणि श्रीमंत ग्राहक जमतात, त्यामुळे खोल्यांचे दर चढतात. हा सोहळा मला आवडतो, पण तो पाहायला तिथे झोपण्याची गरज नाही. मी पाचव्या विभागात जार्दँ दे प्लाँतच्या जवळ, किंवा बास्तीय आणि नास्यों यांच्या मधल्या अकराव्या-बाराव्या विभागात राहणे पसंत करतो. सकाळी झाडांची सावली, पायी अंतरावर भाजीबाजार आणि कोपऱ्यावर पाव भाजणारी 'बुलाँजरी' या तीन गोष्टी उन्हाळ्यात संगमरवरी स्वागतकक्षापेक्षा जास्त सुख देतात. पंचतारांकित हॉटेलांमधल्या निवडकांना फ्रान्स सरकार 'पॅलेस' हा मान देते. ल ब्रिस्तोल किंवा ल मरिस ही अशीच हॉटेले आहेत, आणि तिथे दुपारच्या कडक उन्हात नीटनेटक्या कपड्यांत चहाला जाऊन तास दीड तास बसणे हा रात्रीच्या भाड्याच्या तुलनेत अत्यल्प खर्चात मिळणारा खरा अनुभव आहे. भाड्याने घर घेणार असाल, तर जाहिरातीत नगरपालिकेचा नोंदणी क्रमांक आहे ना, एवढे अवश्य पाहा. पॅरिसने २०२५ पासून स्वतःचे राहते घर पर्यटकांना देण्याची मर्यादा वर्षाला १२० रात्रींवरून ९० वर आणली आहे.

जेवणाच्या बाबतीत ऑगस्ट हा महिना स्वतंत्र समजावा. कुटुंब चालवत असलेली अनेक उपाहारगृहे या महिन्यात दोन-तीन आठवडे बंद असतात आणि दारावर 'फेर्मत्यूर आन्युएल', म्हणजे वार्षिक सुटी, असा हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. सेंट लुई बेटावरचे १९५४ पासूनचे प्रसिद्ध आइस्क्रीमचे दुकान बेर्तियों हेसुद्धा ऐन उन्हाळ्यात सुटी घेते, हे प्रथम कळले तेव्हा मी अवाक झालो. आता मात्र त्या निर्णयाबद्दल मला आदर वाटतो, कारण ज्या दिवसांत गल्ला सर्वाधिक भरला असता त्याच दिवसांत आपल्या माणसांना विश्रांती देणारे हे घराणे आहे. त्याच बेटावरची इतर काही दुकाने त्यांचे आइस्क्रीम विकतात, त्यामुळे पाहुण्याला निराश परतावे लागत नाही.

माझा सल्ला असा आहे, की उन्हाळ्यात मोठे जेवण दुपारी करावे. काळ्या पाटीवर खडूने लिहिलेली 'फॉर्म्यूल', म्हणजे सुरुवातीचा पदार्थ व मुख्य पदार्थ किंवा मुख्य पदार्थ व गोड अशी ठरावीक दरातली जोडी, बहुधा दुपारीच मिळते, आणि ज्या स्वयंपाकघराचे रात्रीचे दर परवडत नाहीत त्याच स्वयंपाकघराचे अन्न तेव्हा बरेच स्वस्तात खाता येते. शिवाय त्या वेळी बाहेर ऊन रणरणत असते आणि आत बसणे सुखाचे असते. अट एकच, की बारा ते दोन ही वेळ पाळावी. अडीच वाजता दार उघडे दिसले तरी चूल बहुधा बंद झालेली असते. रविवार आणि सोमवार हे अनेक ठिकाणी सुटीचे वार असतात, हेही लक्षात ठेवावे. पाण्याची बाटली मागवण्याऐवजी 'काराफ द'ओ' असे म्हणावे, म्हणजे नळाचे पिण्याचे पाणी सुरईत भरून मिळते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. सेवाशुल्क दरातच धरलेले असते, त्यामुळे वर काही ठेवायचे की नाही हा आपल्या खुशीचा प्रश्न आहे. रस्त्यात तहान लागली तर रिचर्ड वॉलेस या दानशूर इंग्रज गृहस्थांनी १८७२ पासून शहराला दिलेले गडद हिरवे ओतीव लोखंडी कारंजे शोधावे. चार स्त्रियांच्या मूर्तींनी तोललेल्या घुमटाखालून येणारी ती बारीक धार आजही पिण्यायोग्य आहे.

ऑगस्टमध्ये हमखास उघडे असणारे ठिकाण म्हणून मी सर्वांना शार्तिए सुचवतो. १८९६ पासून चालत आलेले हे 'बुईयाँ', म्हणजे कष्टकऱ्यांसाठी साधे जेवण देणारी एकोणिसाव्या शतकातली खाणावळ, वर्षभर चालू असते, तिथे दुपार आणि रात्रीच्या मधल्या वेळेतही जेवण मिळते आणि वाढपी हिशेब टेबलावर अंथरलेल्या कागदावरच मांडतो. उंच छत, आरसे आणि पितळी दांडे पाहून आपण चैनीच्या जागी आलो आहोत असे वाटते, आणि बिल आल्यावर ती चैन सामान्य माणसासाठी होती हे कळते. अशीच दुसरी जागा म्हणजे पॅरिसमधल्याच लियों नावाच्या रेल्वे स्थानकातले उपाहारगृह ल त्रँ ब्ल्यू. १९०१ मध्ये उघडलेल्या त्या दालनाच्या छतावर आणि भिंतींवर आगगाडी जिथे जिथे जात असे त्या गावांची चित्रे आहेत. तिथे जेवणे महाग पडते, पण कॉफी घेऊन ती चित्रे पाहता येतात.

शाकाहारी मंडळींचे हाल होतात हे खरे आहे, पण ते वर्षांनुवर्षे कमी होत आहेत. ल मारे भागातल्या रोझिए रस्त्यावर फलाफल उत्तम मिळते, मात्र तो ज्यूंचा जुना मोहल्ला असल्यामुळे तिथली अनेक दुकाने शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी बंद असतात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून येणाऱ्या गाड्या माँपार्नास स्थानकात थांबत, म्हणून तिथून आलेली माणसे त्या परिसरात वसली आणि त्यांच्याबरोबर 'गालेत' आले. हे कुट्टूच्या पिठाचे मोठे, कुरकुरीत धिरडे असते. नेहमीच्या प्रकारात डुकराचे मांस घालतात, ते नको असे सांगून चीज आणि अळिंबी मागितली की पोटभर जेवण होते.

खरेदीविषयी मी अधिक काटेकोर आहे, कारण इथे वेळ चुकली तर दुप्पट पैसे जातात. फ्रान्समध्ये 'सोल्द', म्हणजे हंगामी सवलतीची विक्री, कायद्याने ठरवलेल्या चार आठवड्यांतच करता येते. उन्हाळी सोल्द जूनच्या शेवटच्या बुधवारी सकाळी आठ वाजता सुरू होतो, आणि तो बुधवार २८ तारखेनंतर येत असेल तर त्याच्या आधीच्या बुधवारी. सोल्दमधला माल किमान महिनाभर आधीपासून दुकानात विक्रीला असला पाहिजे आणि जुनी व नवी अशा दोन्ही किमती दिसल्या पाहिजेत, असा नियम आहे. म्हणून तिथला 'सोल्द' हा शब्द मी विश्वासाने वाचतो. पहिल्या दिवशी मापे मिळतात, शेवटच्या आठवड्यात किंमत मिळते. पायाचे किंवा खांद्याचे माप सहज न मिळणाऱ्याने पहिला आठवडा गाठावा, बाकीच्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या कपातीची वाट पाहावी.

उन्हाच्या वेळी मोठी दुकाने गाठावीत. बुलव्हार ओसमानवरच्या गॅलरी लाफायेतचा १९१२ चा रंगीत काचांचा घुमट पाहायला, आणि तिच्या व त्याच रस्त्यावरच्या प्रँताँच्या गच्चीवर जायला पैसे लागत नाहीत. तरी माझे प्रेम सेव्ह्र रस्त्यावरच्या ल बॉन मार्शेवर आहे. आरिस्तिद बुसिको यांनी १८५२ मध्ये त्या दुकानात पाऊल ठेवले, ठरीव किमती आणि माल परत घेण्याची पद्धत रुजवली आणि घासाघीस न येणाऱ्या माणसालाही मानाने खरेदी करता येऊ लागली. वळवासारखी सर अचानक आली, तर काचेच्या छपराखालचे जुने 'पासाज', म्हणजे दुकानांच्या गल्ल्या, जवळ करावेत. १८२३ ची गॅलरी व्हिव्हिएन, तिची मोझेकची फरशी आणि जुन्या पुस्तकांचे दुकान मला तास न् तास पुरते. मात्र उष्णतेच्या लाटेत त्या काचांखाली दुपारी थांबू नये.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना एका दुकानात १०० युरोंहून अधिक खरेदीवर करपरतावा, म्हणजे 'देताक्स', मिळतो. पासपोर्ट दाखवून दुकानातच कागद करून घ्यावा आणि विमानतळावर सामान सोपवण्यापूर्वी यंत्रावर त्यावरचा बारकोड दाखवून मंजुरीचा शिक्का मिळवावा. मूल्यवर्धित कर २० टक्के असला तरी मध्यस्थाचे शुल्क वजा होऊन हातात सुमारे १२ टक्के पडतात. परतीचे विमान संघातल्याच दुसऱ्या देशात बदलणार असेल, तर हा शिक्का तिथे, म्हणजे संघ सोडतानाच्या शेवटच्या विमानतळावर घ्यायचा असतो. या एका गोष्टीच्या अज्ञानापायी माझा एकदाचा सगळा परतावा गेला.

या सगळ्यांत माझी सर्वांत आवडती खरेदी मात्र बाराव्या विभागातल्या आलिग्रच्या बाजारात होते. सोमवार सोडून रोज सकाळी भरणाऱ्या या बाजारात जुलैत जर्दाळू आणि ऑगस्टमध्ये मिराबेल नावाचे बोराएवढे पिवळे गोड प्लम येतात, आणि बाजार उठण्याच्या वेळी विक्रेते उरलेली फळे हाकारे देऊन स्वस्तात देतात. ती फळे, एक 'त्रादिस्यों' पाव आणि थोडे चीज घेऊन सेन नदीच्या काठावर किंवा साँ मार्तँ कालव्याच्या कट्ट्यावर रात्री नऊला बसलेली कुटुंबे मी दर उन्हाळ्यात पाहतो. त्यांच्यात बसलो की जेवायला कुठे जायचे हा प्रश्न त्या दिवसापुरता मिटतो.

गेल्या खेपेला मी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथे होतो. राहत्या इमारतीखालच्या बुलाँजरीच्या दारावर तीन आठवडे लावलेला कागद त्या सोमवारी पहाटे निघाला. साडेसहाला भट्टीचा वास जिन्यातून वर आला, आणि मी खाली उतरलो तेव्हा शेजारपाजारची पंधरा-वीस माणसे रांगेत उभी राहून, उन्हाने रापलेल्या मालकीणबाईंना सुटी कशी गेली ते विचारत होती.